सासूबाईंचं मनगट आणि हिरव्या बांगड्या

बाळांनो, ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. राजाजीनगरच्या घराच्या पायरीवरून माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या खापरपणजी, घसरल्या आणि तळहातावर आपटल्या. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या कानडी अक्का म्हणाल्या, "मुरगळलंय. स्वल्प तेल चोळा, सरी होईल, बरं होईल."

मी पाहिलं, तर मनगट उलट्या पळीसारखं वाकलेलं. कॉलेजात प्रथमोपचार शिकले होते. म्हटलं, "चोळू नका. हाड मोडलंय. सूज चढण्याआधी बांगड्या काढायला हव्यात."

सासूबाई कडाडल्या, "सवाष्णीचा हात भुंडा करतेस? हेच शिकवलं का इंग्रजी शाळेत?"

पण बांगड्या रुतल्या असत्या, तर बोटांचं रक्त अडलं असतं. मी साबणाचं पाणी आणलं. "आई, मी त्या माझ्याच हातात घालते. घरातच राहतील." त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला. एकेक हिरवी बांगडी निघाली, एकही वाढवावी लागली नाही. मग मामंजींच्या इंग्रजी पेपरची जाड घडी मनगटाखाली धरून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधली आणि हात झोळीत घेतला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "इतकं नीट कुणी बांधलं?"

"आमच्या सुनेनं. इंग्रजी शिकलीय ती," सासूबाई म्हणाल्या. माझी मान आपोआप ताठ झाली.

प्लास्टर निघाल्यावर त्याच हाताने त्यांनी आपल्या बांगड्या माझ्या हातातून उतरवून घेतल्या. दोन मात्र मुद्दाम राहू दिल्या.