सशाचं लंघन

आयुष्यात मी जितक्या वेळा सपशेल तोंडावर पडले, तितक्या वेळा मला आधी अगदी खात्री होती. शंका असली की मी दोन माणसांना विचारते आणि निभावून जातं. खात्री असली की विचारायचं कोणाला? त्या सशाच्या बाबतीत तर मला पहिल्या मिनिटापासून खात्री होती.

माझी लेक अंबरनाथला राहते आणि मी बदलापूरला, शिरगावात. नऊ वर्षांच्या नातीने सहा महिने हट्ट करून शेवटी आईकडून ससा वसूल केला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानातून आणलेलं करडं पिल्लू, ओंजळीत मावेल एवढं. मी तेव्हा चार दिवस लेकीकडेच होते. बघते तर त्याचे कान पार गालांवर लोंबलेले.

"अगं, हे आजारी आहे," मी म्हटलं. "कान पाडलेलं जनावर कधी धड असतं का?"

माहेरी आमच्याकडे गुरं होती. वासराने कान पाडले की काहीतरी बिनसलंय, हे आम्हाला शेंबड्या वयापासून ठाऊक. नात म्हणाली, "आजी, ही जातच अशी असते." तिला काय कळतंय, असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी ससा भाजीच्या टोपलीत घातला आणि बदलून आणायला थेट कॅम्प दोन गाठला. गल्ल्यावरचे सिंधी काका आधी माझ्याकडे बघत राहिले, मग सशाकडे. म्हणाले, "आंटी, लोग इन कानों के लिए ही तो लेते हैं. आप वापस करने आई हो?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. गेले तशी टोपली घेऊन परत आले. नातीला आजतागायत हे माहीत नव्हतं, आता होईल.

भाद्रपदात लेक आणि नात गौरी-गणपतीला साताऱ्याकडे सासरी निघाल्या. आठ दिवस ससा माझ्याकडे. नातीने त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी आपली त्याला बाळा म्हणायची. जाताना तिने वहीच्या पानावर सूचना लिहून दिल्या. गवत भरपूर. गाजर बोटाएवढं, रोज नाही. पाणी. आणि खाली अधोरेखित करून: आजी, तुझं डोकं चालवू नको.

कार्टी! मी तिच्या आईला वाढवलंय म्हटलं, सशाचं काय घेऊन बसलीस.

तर गवत. पिशवीभर वाळकं गवत ती ठेवून गेली होती. मला सांगा, घरी पाहुणा आला, तोही लेकुरवाळा नाही तर खुद्द लेकरू, आणि त्याच्या पुढ्यात वाळकं गवत टाकायचं? माझा हात धजेना. पहिल्या दिवशी मी त्याला दुधात कुस्करलेली पोळी दिली. दुसऱ्या दिवशी केळं, भिजवलेली चणाडाळ आणि बोटाएवढं नव्हे, मनगटाएवढं गाजर. त्याने सगळं चाटूनपुसून खाल्लं. शेजारणींना मी बोलावून बोलावून दाखवलं. माझ्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. चतुर्थीला एकवीस मोदक झाले, त्यातला एक साजूक तुपासकट बाळाला. सणाच्या दिवशी घरातलं कोणी प्रसादाविना राहतं का?

ऋषिपंचमीला सकाळी बघितलं तर बाळ कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेलं. डोळे अर्धे मिटलेले. केळं पुढे केलं, तोंड फिरवलं. रोज घरभर त्याच्या लेंड्या मी केरसुणीने गोळा करायची, त्या दिवशी एक नाही.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगीत मी लंघनवाल्या काकू म्हणून प्रसिद्ध आहे. पोट बिघडलं, जेवण बंद. ताप आला, जेवण बंद. पोटाला विश्रांती दिली की निम्मे रोग आपोआप पळतात, हे माझ्या आईचं शास्त्र. त्यावर मी माझी एकुलती एक लेक वाढवली आणि तिचं पोट पुढे कधी म्हणून दुखलं नाही. हे मी जाईन तिथे सांगायची.

तेव्हा माझं निदान तयारच होतं. अजीर्ण! मोदक पचला नाही. उपाय, लंघन. मी गाजर उचललं, केळं उचललं आणि गवताची पिशवीसुद्धा उचलून माळ्यावर टाकली. त्यात माझाही ऋषिपंचमीचा उपास होता. दोघं मिळून करू, म्हटलं, पुण्य अर्धं-अर्धं. मी निदान ऋषीची भाजी खाल्ली, त्याला तीही नाही. संध्याकाळी विसर्जन करून आले तेव्हा ते दात करकर वाजवत होतं. मी शेजारणीला म्हटलं, "बघा, गुण येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचा फोन आला.

"आजी, खातोय ना तो?"

"काल त्याला लंघन दिलं," मी जरा ऐटीतच म्हटलं. "पोट जड झालं होतं. आजही देणार आहे."

ती अशी किंचाळली की मी फोन कानापासून लांब धरला. "आजी, सशाला उपाशी नसतं ठेवायचं! मरतो तो! आई, आजीने मारलं त्याला!"

मी कोपऱ्यात गेले आणि त्याला हात लावला. ते लोंबते कान नेहमी कोमट असायचे, आज गार होते. अडतीस वर्षं लोकांना औषध सांगणारी बाई मी, एका ओंजळीएवढ्या जिवाला मी मारत होते, तेही ऐटीत.

लेकीने अंबरनाथमधल्या जनावरांच्या डॉक्टरणीचा पत्ता पाठवला. तीच टोपली, तोच ससा आणि स्पेशल रिक्षा. रिक्षावाला विचारत होता, "मावशी, प्रसाद काय टोपलीत?" मी टोपलीवर पदर ओढला.

डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने पोटाला हात लावून विचारलं, "याने काय काय खाल्लंय?"

मी सांगत गेले. पोळी, दूध, केळं, चणाडाळ, मोदक. ती लिहीत होती. मोदकाला तिचं पेन थांबलं.

"आणि काल?"

"काल काही नाही. लंघन."

तिने पेन खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आजी, माणसाचं पोट थांबून परत चालू होतं. सशाचं थांबलं की ससाच थांबतो. त्याला सतत गवत चावत राहावं लागतं. दात वाजवत होता ना? ते दुखण्याने."

"मग ओरडला का नाही मेला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ससे दुखणं दाखवत नाहीत. रानात दाखवलं तर कोणीतरी येऊन खाईल, म्हणून लपवतात."

तिने कातडीखाली सलाईन दिलं, औषध दिलं, गवताच्या भुकटीचं पुडकं आणि बिनसुईची सिरिंज दिली. दर दोन तासांनी थोडं थोडं भरवायचं, पोट चोळायचं, समोर ओलं गवत ठेवायचं. संध्याकाळपर्यंत लेंड्या झाल्या तर जगेल. नाही झाल्या तर परत घेऊन या, ती म्हणाली.

ओलं गवत आणायचं कुठून? शिरगावात जिथे पूर्वी गवत होतं तिथे आता पार्किंग आहे. तशीच बदलापूर स्टेशनाजवळच्या बाजारात गेले. तिथे बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई पालेभाज्या घेऊन बसते, तिच्याशी घासाघीस करण्यात माझी दहा वर्षं गेलीत. तिच्यापुढे टोपली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"गवात नाय घातलंस?" ती म्हणाली. "मंग काय घातलंस, बाय?"

"मोदक."

तिने पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही. शेजारच्या भाजीवालीला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस का गो? आमच्याकडला ससा कधी मोदक नाय मागत!" मग पाटीत हात घालून दूर्वांच्या जुड्या काढल्या आणि टोपलीत टाकल्या. "घे. हे गवातच हाय. देवाला चालतंय, याला नाय चालणार?"

कर्म माझं! चतुर्थीला मीच या दूर्वा आणल्या होत्या, निवडून, एकवीस-एकवीस मोजून. मोदक सशाला आणि गवत देवाला, एवढी मी हुशार.

दुपारभर मी फरशीवर बसून होते. मांडीवर बाळ, हातात सिरिंज. निम्मं त्याच्या पोटात, निम्मं माझ्या साडीवर. पोट चोळता चोळता मी त्याच्याशी बोलत होते. अगदी खरं सांगायचं तर माफी मागत होते. एवढ्या जणांशी भांडले, माफी कोणाची मागितल्याचं आठवत नाही. चार वाजले, पाच वाजले. काही नाही. मी टोपली परत काढून ठेवली.

सहाच्या सुमाराला माझ्या मांडीजवळ पडलेल्या जुडीतून त्याने एक दूर्वा ओढली. ती हळूहळू आत जायला लागली. मग दुसरी. थोड्या वेळाने ते उठलं, जरा पुढे सरकलं आणि मागे फरशीवर बारीक बारीक पाच लेंड्या.

मी सातारला फोन लावला. "झाल्या! झाल्या गं बाई!" फोन स्पीकरवर होता आणि तिकडे गौरी आणायची गडबड चाललेली. लेकीच्या सासूबाईंनी विचारलं, "काय झालं हो विहीणबाई?" मी ओरडून सांगितलं, "लेंड्या!" हसतील त्यांचे दात दिसतील.

आठ दिवस संपले तशा दोघी ससा न्यायला आल्या. नातीने त्याला सगळीकडून तपासलं, मग मला. मी तिला कबूल केलं, माझंच चुकलं. ती म्हणाली, "लिहून दिलं होतं ना मी?" म्हटलं, "दिलं होतंस बाई." तिचा राग वाटीभर शिऱ्यावर निवला. जेवताना डॉक्टरणीचं बोलणं मी लेकीला सगळं सांगितलं, ससे दुखणं लपवतात तेही.

"आई," ती ताटात बघत म्हणाली, "शाळेत पाचवीनंतर माझं पोट दुखायचं थांबलं नव्हतं. मी तुला सांगायचं थांबवलं. सांगितलं की तू जेवण बंद करायचीस."

ती हसत म्हणाली, चिडून नाही. पण माझा घास हातातच राहिला. नात सशाला दूर्वा भरवत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"आता दुखतंय का कुठे?" मी विचारलं.

"नाही गं."

"खरं सांग."

"गुडघा," ती म्हणाली. "दोन महिने झाले."

एरंडाचं पान, गरम तव्यावर शेकून, वर तेलाचा हात. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. खात्रीचं औषध. मी ते भाताच्या घासाबरोबर गिळलं.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "मी येते तुझ्याबरोबर. बोलणार नाही काही."