न जुळणारे आकडे गाळायचे का?

मंडळी, आज दुपारी शेजारची स्नेहा तिचा शोधनिबंध घेऊन आली. "काकू, एका गावचे आकडे बाकीच्यांशी जुळत न्हाईत. गाळू का?"

मी तिला सत्तरच्या दशकातली माझी गोष्ट सांगितली. परभणीत शिकताना माझा पहिला शोधनिबंध ज्वारीच्या नव्या वाणावर होता. सगळीकडे पीक जोमदार आलं, पण माझ्या गावात, ताडकळसला, खोडमाशीनं ते पार घालवलं.

मार्गदर्शक म्हणाले, "तेवढं वगळा, निबंध देखणा होईल."

मी म्हणाले, "सर, आमच्याकडं लोक हेच बियाणं पेरायलेत. त्यांना कोण सांगणार?"

सरांनी निबंध परत माझ्याकडं सरकवला. "मग निष्कर्षात आधी तेच लिहा," म्हणाले. निबंध तसाच छापून आला.

स्नेहानं आकडे ठेवले. तुम्ही काय केलं असतं?