विमानवाली मोठीआई

मोकळी जागा दिसली की मोठीआई थबकायची. धान कापून झालेल्या शेतातल्या बांध्या असोत की मांडव उतरवलेलं मैदान, ती आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायची, कडेची झाडं आणि विजेच्या तारा बघायची आणि मग निकाल द्यायची, "इथं उतरता येईन." साकोलीच्या बसमध्येही खिडकीबाहेर बघत तिचं हेच चालायचं.

ती माझ्या आईची थोरली बहीण. करडीच्या शेतकऱ्याची मुलगी आणि आमच्या भागात विमान चालवणारी पहिली बाई. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीतून ती विमानापर्यंत पोचली आणि पुढे तिथेच मुलामुलींना उडायला शिकवू लागली. त्यासाठी तिनं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून आबाजी, म्हणजे तिचे वडील, तिच्याशी बोलेनासे झाले. ती दिवाळीला यायची, पाया पडायची. आबाजी काही न बोलता उठून जायचे.

"भेव लागते तं लागू दे," ती शिकणाऱ्यांना सांगायची, "हातानं आपलं काम करत राहाचं." मी स्कूटीसकट कुंपणात गेले, तेव्हा मलाही तिनं हेच ऐकवलं, तेही हसत हसत.

एका उन्हाळ्यात मी आईबरोबर करडीला होते. भरदुपारी एक लहान विमान इंजिनाच्या आवाजाशिवाय गावावरून खाली खाली आलं आणि आटलेल्या तलावात उतरलं. अख्खं गाव धावलं. बघतो तर आत मोठीआई! इंजिन हवेतच बंद पडलं होतं. शिकायला आलेली एक मुलगी तिच्या शेजारी पट्टा घट्ट धरून बसली होती. तिला हात देऊन उतरवत मोठीआई म्हणाली, "घाबरू नको वं. हा आमच्याच गावचा तलाव आहे."

गर्दीतून आबाजी पुढे आले. शेतातून तसेच अनवाणी धावत आले होते. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी विमानाच्या पंखावरून हात फिरवला. मग विचारलं, "पोरी, लागलं तं नाही?"

"नाही, बाबा."

"मंग घरी जा. तुह्या मायनं भात टाकला आहे. या पोरीलेही ने."

"अन् तुमी?"

"मी बसतो याच्यापाशी. लेकरं चढतीन नाही तं."

मोठीआई तिथेच मातीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. नागपूरहून माणसं येईपर्यंत आबाजी विमानाच्या पंखाखाली राखण करत बसून होते. पुढे कोणीही भेटलं की सांगायचे, "आमची मोठी पोरगी विमान चालवते."

गेल्या वर्षी तिला दिसेनासं झालं, म्हणून मी तिला विमानानं हैदराबादला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. कॅप्टन तिचीच विद्यार्थिनी निघाली. निघण्याआधी ती पाया पडायला आली, तर मोठीआई म्हणाली, "पाया मंग पडजो. आधी आपल्या जागेवर जाऊन बस."

एरवी प्रवासी म्हणून बसली तरी ती प्रत्येक आवाज ऐकत ताठ बसायची. त्या दिवशी मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. चाकं जमिनीला लागली तरी जागी झाली नाही. मी हलवलं तेव्हा म्हणाली, "उतरलो का? मले तं समजलंच नाही."

त्याच हिवाळ्यात ती गेली. शेवटच्या दर्शनाला ती कॅप्टन आली होती. त्या दिवशी तिनं विमान उतरवलं ते मोठीआईला समजलंच नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "शिकवताना मॅडमनी माझ्या एकाही लँडिंगला चांगलं म्हटलं नव्हतं."