चपलांजवळचं बीपी मशीन

"चतुर्थीला तपासणी? मॅडम, त्या दिवशी माझा अर्धा स्टाफ मंदिराच्या ड्यूटीवर असतो," डॉक्टर म्हणाले. "तुमचा प्रोजेक्ट दुसऱ्या कुठल्याही दिवशी करा."

गणपतीच्या राजूरजवळचं एक आरोग्य केंद्र. नर्सेसना संशोधन आणि क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट करायला मदत करणं हे माझं काम. नाव भारदस्त, काम साधं. रोजच्या कामातली एक अडचण पकडायची, कारण शोधायचं, छोटा बदल करून बघायचा आणि फरक पडला का ते मोजायचं.

वैशाली साळवे सिस्टरची अडचण ठरलेली होती. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायका तपासणीला येत नव्हत्या. तिच्या हद्दीतल्या एकीचं बीपी कुणी बघितलंच नव्हतं. तिला घरीच झटके आले आणि बाळ गेलं. ते वैशालीच्या मनातून जात नव्हतं.

"बाया राजूरला येऊन राह्यल्या की, मॅडम. दर चतुर्थीला, सासूसोबत. फक्त आपल्याकडं येऊन न्हाई राह्यल्या."

मी डॉक्टरांकडे एकच चतुर्थी मागितली. त्यांनी नाखुशीनं दिली.

आम्ही मंदिराच्या वाटेवर टेबल मांडलं, बोर्ड लावला. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. डॉक्टर चक्कर मारून गेले. "झालं समाधान?" मला राग आला, आणि राग आला की मी हट्टाला पेटते. म्हटलं, वैशाली, रांगेत जाऊन बघ.

ती परत आली ती हसतच. "मॅडम, पोटुशा बाया रांगेत न्हाईतच. त्या चपला सांभाळून राह्यल्या!"

खरंच होतं. भरत आलेल्या दिवसांत रांगेत उभं राहवत नाही, म्हणून सासू सुनेला बाहेर बसवते. चपला, पिशव्या, लहान पोरं, सगळं तिच्या भरवशावर. ती उठणार कशी? समोर दिसणारं टेबलही तिला लांबच.

टेबल तिथंच सोडलं. वैशाली बीपी मशीन घेऊन चपलांजवळ मांडी घालून बसली. "मला काही दर्शनाची घाई न्हाई," ती बायकांना म्हणाली. "आरामात बसा, तपासते."

टेंभुर्णीच्या एका सुनेचं बीपी खूपच चढलेलं निघालं. डोकंही दुखत होतं. तेवढ्यात तिची सासू प्रसाद घेऊन बाहेर आली.

"चल जल्दी. बस जाईल."

"मावशी, बस जाऊ द्या. हिला जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागंल."

"घरी जाऊन बघू मंग."

"घरी बिलकुल न्हाई. मी येते सोबत, पण आत्ताच." वैशालीनं सुनेचा हात सोडला नाही. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर स्वतः धावत आले आणि त्यांनी तिथंच औषध सुरू केलं, हेही सांगायला हवं.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. पुढची चतुर्थी डॉक्टरांनी न मागता दिली.

रिपोर्टमध्ये 'अभ्यासाचं ठिकाण' या रकान्यात वैशालीनं लिहिलं: मंदिराबाहेर, चपलांजवळ. वरून शेरा आला, 'मंदिर परिसर' असं लिहावं. मी तिला ते बदलू दिलं नाही. परिसरात आमचं रिकामं टेबलही होतंच.