पाइप कुणी सोडला नाही

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमची बटालियन शांतिसेनेतून काँगोला गेली होती. मी हवालदार, मोखाड्यातल्या खोडाळ्याचा. माझ्या सेक्शनमधला नाईक सलीम जव्हारचा. त्याचे वडील साखरशेतपासून वांगणीपर्यंतचे हातपंप दुरुस्त करायचे, आणि सलीम त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. "तुमचं खोडाळा म्हणजे बाजाराचा दिवस सोडला तर नुसतं रान," म्हणून तो मला चिडवायचा. मी सीनियर असूनही ऐकून घ्यायचो. परमुलखात गावाकडचं बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

रोजचं काम पेट्रोलिंगचं. पोस्टच्या खाली दोन वेगळ्या जमातींच्या वस्त्या होत्या, एकमेकींच्या वैरी. मध्ये एकच हातपंप, तोही बंद. बायका पाण्यासाठी लांब नदीवर जात आणि वाटेत मारल्या जात. मेजरसाहेबांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना कितीदा तरी चर्चेला बसवलं. दरवेळी ते एकमेकांकडे पाठ करून बसले.

सलीम मला म्हणाला, "साहेब, आपल्याकडं दोन पाड्यांचं असंच वाजलं होतं. अब्बांनी दोघांनाबी पाइप धरायला लावला. भांडत धरला, पन धरला."

मी मेजरसाहेबांना सांगितलं. "ट्राय करो," ते म्हणाले.

आतला झिजलेला वायसर बदलायला बोअरमधून पाइप वर ओढताना सगळ्यांनी मिळून धरावा लागतो. एका बाजूने हात सोडला, तर पाइप आत जातो आणि पंप कायमचा गेला. सलीमने दुभाष्याकरवी हे समजावलं. एका बाजूला एका वस्तीचे तरुण, समोर दुसऱ्या वस्तीचे. पाइप अर्धा वर आला आणि टेकडीवरून गोळी आली. सलीम खाली बसला. पोटात लागली होती.

मी वायरलेस उचलला आणि पोस्टला, म्हणजे 'टायगर'ला, हाक दिली. "टायगर, फायर आया. एक घायल. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"किधर से? ओव्हर."

"दिखा नहीं. जवाबी फायर नहीं किया. ओव्हर."

"ठीक किया. ओव्हर."

आम्ही उलट गोळी झाडली असती, तर दोन्ही वस्त्यांनी हत्यारं काढली असती. माझं बोट शिवशिवत होतं, खोटं कशाला सांगू? सलीम मात्र पंपाकडेच बघत होता. "सोडू नका रं!" तो ओरडला. त्यांना मराठी कुठली येणार? तरी एकानेही हात काढला नाही. दोन्हीकडचे म्हातारे उठले आणि पाइपाला येऊन लागले.

वायसर कसा बसवायचा ते सलीम पडल्या पडल्या सांगत गेला, मी बसवत गेलो. मग हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. थोड्या वेळाने पंपाला पाणी आलं. सलीम हॉस्पिटलपर्यंत पोहोचला नाही.

आम्ही परत निघेपर्यंत दोन्हीकडच्या बायका त्याच पंपावर पाणी भरत होत्या. भांडायच्या, पण एकाच रांगेत उभ्या राहून. नदीच्या वाटेवर पुन्हा कुणी मेलं नाही. हे सलीमचे उपकार, आणि पाइप धरणाऱ्या त्या पोरांचेही. त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत.

सुट्टीवर आल्याबरोबर जव्हारला सलीमच्या घरी गेलो. पंप उघडताना गोळी लागली, एवढंच मी पत्रात कळवलं होतं. त्याच्या वडिलांनीच मला पाणी दिलं, समोर बसले आणि विचारलं, "पाइप कुनी सोडला तं नाय ना?"

"नाही चाचा. एकानेही नाही."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.