सोललेलं जहाज

कंपनीतली माणसं जपानला गेली की चॉकलेटं आणतात, सेंट आणतात. आमचे अर्जुनराव ढाकणे खोकी आणायचे. पाटोद्याहून येऊन चाकणच्या टूलरूममध्ये मुरलेला माणूस. टूरवर सुट्टी मिळाली की मला, त्यांच्या ज्युनिअरला, नागोयाच्या गल्ल्याबोळांतून हिंडवायचे. ‘रणज्या, चल. पुलापलीकडं एक दुकान आहे म्हणे.’ पायाचे तुकडे पडायचे माझे! त्या दुकानांत विमानं, रणगाडे, गाड्या, सगळ्यांची छोटी मॉडेलं सुट्या भागांत मिळतात. घरी नेऊन जोडायची. ह्यांना हवं होतं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. भाषा येत नव्हती, म्हणून दुकानदारापुढं कागदावर जहाज काढायचे. शेवटी एका म्हाताऱ्यानं आतून ते खोकं आणून ठेवलं, तर हा बाबा दुकानातच रडायला लागला.

पण उघडलं एकही नाही. सगळी खोकी सांगवीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर. ‘रिटायर झालो की जोडणार.’ माझं डोकंच फिरायचं. अहो, आत्ता जोडा की!

रिटायर झाले आणि हात थरथरायला लागले. कंपवात. तरी जहाज उघडलं. असल्या किटात शेकडो बारके भाग प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले असतात. एकेक कापायचा आणि जोडायचा. ह्यांच्या हातून कापला जाईना. ‘एवढं जहाज तेवढं उभं राहू दे रे,’ मला म्हणाले, ‘मग मी मोकळा.’

त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, हे बघवत नव्हतं. एका दुपारी मी अर्जुनरावांना दवाखान्यातून घेऊन आलो, तर ताई दारातच उभ्या, हातात स्टीलचा डबा. ‘बघा, सगळं सोलून ठेवलं, मटार सोलावेत तसं! धुऊनपुसून. आता नुसतं जोडायचं.’

चौकटी घंटागाडीत गेल्या होत्या. आणि नंबर चौकटींवर असतात, भागांवर नाही. कुठला तुकडा कुठला, हे आता ब्रह्मदेव आला तरी सांगता येणार नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अर्जुनरावांनी माझा दंड दाबला.

‘झकास केलंस गं,’ म्हणाले. ‘माझं निम्मं काम झालं.’ ताई केवढ्या लाजल्या!

मग रोज डबा घेऊन बसायचे, तुकडे इकडचे तिकडं करत. ताई विचारायच्या, ‘कुठवर आलं?’ ‘मांडणी चाललीय.’ कसली मांडणी अन् कसलं काय!

मला सहन होईना. पुढच्या टूरला मी एकट्यानं तीच दुकानं पालथी घातली. ते किट बंद झालेलं. म्हाताऱ्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं. भटकून भटकून गावाबाहेर एका दुकानात मिळालं, कोपरा चेपलेलं. विमानात मांडीवर घेऊन आलो. नव्या चौकटींवरचे नंबर बघून जुने तुकडे ओळखू, तुम्ही सांगा, मी जोडतो, असं सगळं ठरवून आलो होतो.

ताई भाजीला गेल्या होत्या. अर्जुनरावांनी खोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले. ‘माळ्यावर ठेव.’

‘अहो, पण...’

‘हे उघडलं की तिला कळेल तिनं काय केलं ते. माझ्या शिफ्टांपायी जन्म एकटीनं काढला तिनं. आता ही टोचणी नको तिच्या जिवाला.’

‘मग जहाज?’

‘राहू दे रे.’

असा संताप आला होता ना मला! पण ठेवलं माळ्यावर.

दिवाळीच्या आधी अर्जुनराव गेले. तेराव्यानंतर ताईंनी मला बोलावून घेतलं. चहा दिला आणि आतून दोन डबे आणले.

‘भाऊजी, माळा आवरताना तसलंच अजून एक जहाज सापडलं. दोन आणली होती बघा, बोलले नाहीत कधी. तेही सोलून ठेवलंय. तुमच्या हातानं उभं करा. त्यांची तेवढीच इच्छा राहिली.’

‘चौकटी?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘टाकल्या की. कचरा कशाला ठेवायचा?’

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

‘झकास केलंत, ताई,’ मी म्हणालो. ‘माझं निम्मं काम झालं.’

डबे घेऊन खाली आलो आणि पार्किंगमध्ये गाडीवर बसून ढसाढसा रडलो.