अडलं तिथे थांबणाऱ्या बाई

सुमनबाई जगदाळे यांची आणि माझी पहिली भेट काही फार गोड झाली नाही. मी त्यांच्यावर चिडले होते. बाई तेव्हा आमच्या युसूफ वडगावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि दर गुरुवारी दुपारी घरच्या पुढच्या खोलीत ग्रंथवाचनाची बैठक भरवत होत्या. माझ्या सासूबाईंनी मला जवळजवळ ओढतच तिथे नेलं. त्या हंगामात ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत, आमची थोरली लेक तापाने गेली होती. गावी परतल्यावर मी कुणाशी बोलत नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "बाई, हिला दोन शब्द सांगा. लई खचली हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वाचता येतं का?"

"बारावी झालेय," मी तुटकपणे म्हणाले.

"मग माझा चष्मा सापडेपर्यंत तू वाच."

चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. खोलीतल्या सगळ्यांना तो दिसत होता, पण बाईंना सांगणार कोण? मी रागारागाने वाचू लागले. पुढे कळलं, बाईंचा चष्मा नवीन माणूस आलं की हटकून हरवतो.

या बैठकीचा एकच नियम होता आणि तो बाईंनीच घातला होता. वाचताना एखादं वाक्य ज्याला पटलं नाही किंवा कळलं नाही, त्याने "थांबा" म्हणायचं. वाचन तिथेच थांबायचं. मग त्या वाक्यावर बोलणं व्हायचं, आणि ते मिटल्याशिवाय पुढची ओवी नाही. त्यामुळे आमची पोथी मुंगीच्या पावलांनी चालायची. शेजारच्या गावात एका श्रावणात पोथी लागून समाप्तीही होई, आम्ही मात्र पहिल्याच अध्यायात भांडत बसलेले. गावात आमची चेष्टा व्हायची. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या स्वतः श्रद्धाळू आहेत, कपिलधारच्या यात्रेला दरवर्षी जातात. पण देवाच्या पुस्तकाला प्रश्न विचारला म्हणजे देवाचा अपमान झाला, असं त्यांना कधी वाटलं नाही.

अखेर पोथी शेवटच्या अध्यायाला आली. कुंडलिकअण्णा बैठकीतले सर्वांत जुने. त्यांनी हौसेने समाप्तीचं जेवण ठरवलं. अंगणात गव्हाची खीर रटरटत होती, गाव जमलं होतं. त्या दिवशी बाई स्वतः वाचत होत्या. आणि शेवटी शेवटी एक वाक्य आलं. लेकरू अकाली जातं ते आईबापाच्या मागच्या जन्मीच्या पापामुळे, असा त्याचा अर्थ होता. मला पुढचं ऐकू येईना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "थांबा."

अण्णा गडबडले. "पोरी, आज समाप्ती हाय. आज न्हाई असं करायचं. पोथी अर्धी सोडली तर गावाला दोष लागतो."

"अण्णा," मी म्हणाले, "माझं लेकरू माझ्या पापानं गेलं का, एवढंच सांगा. मग वाचा."

मला तेव्हा खरंच ते जाणून घ्यायचं होतं. रात्रंदिवस मी तेच उकरत होते. बाईंनी "होय" म्हटलं असतं, किंवा नुसतं पुढे वाचलं असतं, तर मी ते पाप आयुष्यभर वाहिलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

बाईंनी पोथी मिटली आणि कापडात बांधली. "हे वाक्य मी कितीतरी सुतकातल्या घरांत वाचलंय," त्या म्हणाल्या. "मला ते कधीच पटलं नव्हतं. तरी वाचत गेले. आता न्हाई वाचणार. अण्णा, खीर वाढा. पोथी थांबली म्हणून जेवण कावून थांबावं?"

लोक जेवले, पण बाईंना बोल लावतच. काहींनी बैठक सोडली. अण्णाही काही दिवस आले नाहीत. गावात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं, त्या बाई माझ्यासारख्या ऊसतोडीच्या बाईमुळे बोलणी खात होत्या, आणि एकदाही त्यांनी मला ते जाणवू दिलं नाही.

पुढे बराच काळ बैठक त्या एकाच प्रश्नावर अडली होती. बाई बीडहून पुस्तकं आणत. उर्दू शाळेतले निवृत्त हमीदसर त्यांच्या धर्मग्रंथातला भाग आधी उर्दूत वाचत आणि मग आपल्या मराठीत समजावून सांगत. देव नाहीच म्हणणाऱ्याचं पुस्तकही आम्ही वाचलं, आणि ते ऐकायला कुंडलिकअण्णा परत आले, बहुधा भांडायला. एकाही पुस्तकात मला पुरेसं उत्तर मिळालं नाही. पण इतक्या माणसांनी, इतक्या भाषांत हाच प्रश्न विचारलाय हे कळल्यावर मी एकटी राहिले नाही. मी बाईंना एकदा विचारलं, "मग तुमी देवाला हात कावून जोडता?" त्या म्हणाल्या, "भरवसा हाय म्हणून. आणि जाब तर आपण भरवशाच्या माणसालाच विचारतो की."

बाईंच्या हातचा चहा हा सहनशीलतेचा वेगळाच विषय आहे, त्यावर इथे लिहीत नाही. पण तोच चहा पीत पीत त्यांनी माझ्याकडून पदवीचा अभ्यास करून घेतला. माझ्या धाकट्या लेकीला, आम्ही तोडीला गेलो की, त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून शाळेत धाडलं. आता मी तोडीला जात नाही, गावातलं वाचनालय सांभाळते.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका तरुण बाईचं तान्हं बाळ गेलं. बाई आणि मी भेटायला गेलो. ती बाईंचे पाय धरून म्हणत होती, "माझं काय चुकलं ते सांगा." बाईंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे तू सांग."

मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुझं काही चुकलं न्हाई." माझा आवाज अडखळला नाही. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाला खात्रीने सांगू शकते, हे मला त्या क्षणी कळलं. बाईंना ते बहुतेक आधीपासून ठाऊक असावं.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभावं, गुडघे बरे राहावेत, नजर शाबूत राहावी. हे मागणं नेमकं कुणाकडे मागायचं, याचा माझा निकाल अजून लागलेला नाही. तरी मी हात जोडून मागते आहे.